‘मुलांचा अभ्यास घ्या’ असं आईला सांगण्याआधी

प्रति,
माता-पालक गटांचे उपक्रम, सूचनापत्रं आणि आयडिया कार्डं (घरी मुलांकडून काय करून घ्यावं ते सुचवणारी) ज्यांच्या हातून तयार होतात ते सर्व अधिकारी, प्रशिक्षक आणि स्वयंसेवी संस्थांमधले सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. पालकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये ‘पालकांनी मुलांचा रोज अभ्यास घ्यावा’ हे वाक्य कुठे ना कुठे असतंच. ते काढून टाका. त्याच्या जागी ‘मुलानं रोज घरी काहीतरी मोठ्यानं वाचावं आणि घरातल्या कुणीतरी शेजारी बसून ते ऐकावं’ असं लिहा. पैसा लागणार नाही, नवी समिती लागणार नाही. घरातलं वाचन आणि मुलांचं शिकणं यावर गेली चाळीस वर्षं जे संशोधन झालंय, त्यातून आपल्यासारख्या ठिकाणी लगेच उचलता येईल असं पहिलं काही असेल तर ते हेच, असं माझं मत झालं आहे.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. बऱ्याच आयांना सही येते, त्यापुढे फारसं नाही. काहींचा अंगठाच आहे. अशा आईसमोर ‘अभ्यास घ्या’ म्हटलं की ती पदर तोंडाला लावून हसते आणि म्हणते, “बाई, मला कुठं येतंय?” पुढच्या बैठकीला ती येत नाही. आपण अहवालात ‘पालक उदासीन’ लिहितो.

आता हॅरिंगेची गोष्ट. उत्तर लंडनमधला हा कष्टकऱ्यांचा भाग, अनेक घरं बाहेरच्या देशांतून आलेली. तिथे जॅक टिझार्ड यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष 1982 साली टिझार्ड, स्कोफील्ड आणि ह्यूइसन यांच्या नावानं छापून आले. सहा ते आठ वर्षांची मुलं. काही वर्गांतली मुलं शाळेतलं पुस्तक घरी नेत आणि आईवडिलांना वाचून दाखवत. काही वर्गांना वाचनासाठी जादा शिक्षिका दिली. बाकीचे वर्ग नेहमीसारखे चालले. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा घरी वाचून दाखवणारी मुलं स्पष्टपणे पुढे होती. जादा शिक्षिका मिळालेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. आपल्या कामाचं यापुढे आहे : त्या पालकांपैकी काहींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, काहींना कुठलीच भाषा वाचता येत नव्हती, आणि तरीही त्यांची मुलं पुढे गेली. आईनं चुका दुरुस्त केल्या म्हणून हे झालं असं म्हणायला जागाच नाही. मुलाला ऐकणारं माणूस मिळालं, आणि त्यामुळे मूल रोज वाचायला बसलं. आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे. जवळजवळ सगळे पालक तयार झाले. ‘या वस्तीतले पालक सहकार्य करत नाहीत’ हे वाक्य तिथल्या शाळांतही चालत असणार, यात मला शंका नाही.

हे चाळीस वर्षांपूर्वीचं आणि लंडनचं, असं कुणी म्हणेल. म्हणून मोनिक सेनेशल आणि लॉरा यंग यांचं 2008 सालचं काम सांगते. त्यांनी बालवाडी ते तिसरीच्या मुलांवर झालेले 16 प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यात 1340 कुटुंबं होती. पालक करू शकतील अशा गोष्टींचे त्यांनी तीन गट केले : मुलाला वाचून दाखवणं, मूल वाचत असताना ऐकणं, आणि अक्षरं-शब्दांचे ठरावीक सराव शिकवणं. मुलाच्या वाचायला शिकण्यावर वाचून दाखवण्याचा परिणाम सगळ्यांत कमी निघाला. ऐकण्याचा त्याहून बराच जास्त. ठरावीक सराव शिकवण्याचा सगळ्यांत जास्त.

इथे तुमच्यातलं कुणीतरी मला लगेच अडवणार : “मग बाई, सर्वांत जास्त परिणाम शिकवण्याचाच आहे ना? आम्ही तेच तर सांगतो, अभ्यास घ्या.” आक्षेप बरोबर आहे, आणि मी तो लपवून माझी बाजू मांडणार नाही. पण त्या प्रयोगांत पालकांना नेमकं काय करायचं ते बसून शिकवलं होतं, आणि त्यांना स्वतःला वाचता येत होतं. आपण दोन्हीतलं काहीच न देता फक्त क्रियापद देतो. ज्या घरात सातवीतली ताई किंवा बारावी झालेला काका आहे, तिथे शब्दपट्ट्यांचे, अक्षरं जुळवण्याचे खेळ जरूर द्या, आणि ते खेळून दाखवा. ज्या घरात तसं कुणी नाही तिथे ऐकणं द्या. दोन घरांना दोन कामं दिली म्हणून काही बिघडत नाही. एकच कार्ड सगळ्या घरांना पाठवलं की बिघडतं.

आणि वाचून दाखवणं बिनकामाचं, असंही कुणी समजू नये. सेनेशल आणि लेफेव्हर यांनी मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की घरात गोष्टींची पुस्तकं वाचली जातात तिथे मुलांचा शब्दसंग्रह वाढतो, आणि त्याचा फायदा तिसरीच्या आसपास, समजून वाचायची वेळ येते तेव्हा दिसतो. अक्षरं शिकवण्याचा फायदा आधी दिसतो. दोन्हींची कामं वेगळी. पहिलीतल्या मुलाची गोष्टींची पुस्तकं काढून घेऊन त्याला फक्त बाराखडीला जुंपलं, तर त्याची किंमत आपण तिसरी-चौथीत मोजतो. तोवर पहिलीच्या बाई बदलून गेलेल्या असतात.

पण वाचता न येणारी आई गोष्टीचं पुस्तक घेऊन काय करणार? याचं उत्तर मला केनियातल्या एका प्रयोगात सापडलं, आणि गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्यांपैकी तो मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. ग्रामीण केनियात संशोधकांनी तिथल्याच भाषेत, तिथलीच घरं, शेतं, माणसं असलेली चित्रांची पुस्तकं कुटुंबांना दिली. सोबत मोठ्यांना एक छोटं प्रशिक्षण दिलं : चित्राकडे बोट दाखवून विचारायचं, मुलाच्या उत्तराला जोड द्यायची, पुढे काय होईल ते त्यालाच सांगू द्यायचं. अक्षर ओळखण्याची गरज नाही, अशाच रीतीनं ते बसवलं होतं. 2020 साली त्याचे निष्कर्ष आले. पुस्तकं उघडण्याचं प्रमाण वाढलं, मोठ्यांचं मुलांशी बोलणं सुधारलं, त्या पुस्तकांतले शब्द मुलांच्या तोंडी आले. निरक्षर मोठ्यांच्या मुलांना साक्षर मोठ्यांच्या मुलांइतका तरी फायदा झाला, आणि काही बाबतींत जास्तच.

एकदा शाळेतलं चित्रांचं पुस्तक घेऊन मी एका आईला तिच्या मुलीशेजारी बसवलं. चित्रात विहीर होती. तिनं मुलीला विहिरीबद्दल इतकं सांगितलं, मोट काय, धाव काय, नाडा कशाचा वळतात, की ते पान उलटायलाच बराच वेळ लागला. असं बोलणं मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. त्या रचणाऱ्या-गाणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाषेचा एवढा साठा ज्या घरांत आहे त्या घरांना आपण कागदावर ‘साक्षर वातावरणाचा अभाव’ असं लिहितो.

या विषयात शर्ली ब्राइस हीथ यांचं काम फार मोलाचं आहे. अमेरिकेतल्या कॅरोलिना भागात कापडगिरण्यांच्या आसपासच्या दोन कष्टकरी वस्त्यांमध्ये, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची, त्यांनी जवळजवळ दशकभर जाऊन-येऊन मुलं घरात कशी बोलतात, गोष्टी कशा सांगतात, छापील कागदाशी त्यांचा संबंध कसा येतो हे टिपलं. ते 1983 साली प्रसिद्ध झालं. काळ्यांच्या वस्तीतली मुलं कल्पक, रंगवून गोष्टी सांगणारी, पण शाळेत “हा रंग कोणता? ही वस्तू कोणती?” असे ज्यांची उत्तरं विचारणाऱ्यालाच माहीत असतात ते प्रश्न त्यांना अनोळखी होते, कारण घरी असं कुणी विचारत नव्हतं. गोऱ्या कामगारांच्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवली जात, अक्षरं शिकवली जात. ती सुरुवातीला चांगली चालली आणि पुढे स्वतःचं मत मांडायची, कल्पना करायची वेळ आली तेव्हा मागे पडली. दोन्ही घरांत वाचन-लेखन होतं, फक्त शाळेला हवं तसं नव्हतं. हीथ पालकांना बदलायला निघाल्या नाहीत. त्यांनी शिक्षकांना वस्तीकडे बघायला शिकवलं आणि मग वर्गातले प्रश्न बदलले.

तेच पुढे ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी केलं. मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या घरी शिक्षक गेले ते शिकायला. शेती, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार. घरात काय काय माहीत आहे त्याची नोंद केली आणि त्यावर वर्गातले पाठ बेतले. 1992 सालचा हा लेख जगभरच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात वापरला जातो. आपल्याकडे गृहभेट म्हणजे मूल गैरहजर का, आधार कार्ड कुठे, बँक खातं काढलं का. शिक्षक आला की घर दचकतं.

माझ्या गावातल्या घरांत काय माहीत आहे ते सांगते. ऊसतोडीत एका जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनामागच्या दरानं फिटत जाते. वजनकाट्याची पावती येते, तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख, भरलेलं आणि रिकामं वजन असतं. उचल किती फिटली हा हंगामभर घरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर त्या पावत्यांत आणि मुकादमाच्या वहीत असतं. आईला पावती वाचता येत नसली तरी कोणत्या खेपेला किती टन भरले हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. तिसरीतल्या मुलानं ती पावती मोठ्यानं वाचावी आणि आईनं “बरोबर आहे” किंवा “ही खेप दिसत नाही यात” म्हणावं, यापेक्षा खरंखुरं घरातलं वाचन मला माहीत नाही. बचत गटाचं पासबुक, रेशनची पावती, दवाखान्याची चिठ्ठी, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख, एसटीची पाटी, लग्नपत्रिका हे सगळं त्यातलंच. (लग्नपत्रिकेत जोडाक्षरं आणि आडनावं भरपूर असतात, आणि कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं यावर घरात चर्चाही चांगली होते.) आयडिया कार्डांवर भेंडी-बटाट्याचे ठसे आहेत, पानं-फुलं आहेत, ती चांगलीच आहेत. पावती नाही.

हे लिहिताना एक भीती आहे. घरात ज्ञान आहे म्हटलं की काही लोक लगेच म्हणतात, मग काय, मुलांना फडातच शिकू द्या. तसं मला म्हणायचं नाही. सहा वर्षांच्या पोरानं फडात पाचट ओढावं याला मी ज्ञान म्हणत नाही. मूल शाळेत राहावं, त्यासाठी हंगामी वसतिगृह चालावं, कारखान्याच्या तळावरची साखरशाळा चालावी, याला पर्याय नाही. आणि मूल वसतिगृहात, आई तळावरच्या कोपीवर (झोपडीवर), अशा सहा महिन्यांत ‘घरचं वाचन’ म्हणजे काय, हा प्रश्न कुठल्याही आयडिया कार्डावर मी पाहिलेला नाही. आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलांचंही तेच. माता गट म्हणून आपण यादी करतो तेव्हा त्यातल्या निम्म्या माता सांगली-कोल्हापूरकडे असतात.

फोनवर काम होईल, असं तुम्ही म्हणाल. होईल, पण कसल्या फोनवर ते बघा. 2020 साली शाळा बंद असताना बोट्स्वानात नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर प्रयोग केला. काहींना दर आठवड्याला गणिताचे लघुसंदेश पाठवले. काहींना संदेशांबरोबर शिक्षकाचा आठवड्यातून एक फोन केला. पंधरा-वीस मिनिटांचा, पालक आणि मूल दोघांशी बोलायचं, एखादं गणित सोडवून घ्यायचं. फोन आलेल्या मुलांत ठळक सुधारणा झाली. नुसते संदेश मिळालेल्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. पुढे भारतासह आणखी पाच देशांत तो प्रयोग पुन्हा केला आणि फोनचा उपयोग तिथेही दिसला. आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओ टाकतो, खाली अंगठ्याची चित्रं येतात, त्यांची संख्या मोजून वर कळवतो. गटातला नंबर वडिलांचा, फोन वडिलांच्या खिशात, वडील ट्रॅक्टरवर, नेटपॅक संपलेला. ज्या बाईनं आठवड्यात दहा घरांना फोन केला तिच्या त्या वेळेची नोंद करायला अहवालाच्या कुठल्याही लिंकवर रकाना नाही. तो रकाना करा. नाहीतर निदान दुसऱ्या चार लिंका कमी करा, तेवढ्या वेळात फोन होतील.

आता आपल्या देशातला अभ्यास, कारण त्याबद्दल फार उत्साहानं बोललं जातं आणि तो नीट वाचला जात नाही. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहार आणि राजस्थानमधल्या गावांत तीन गोष्टी तपासल्या. काही आयांसाठी साक्षरता वर्ग. काही आयांना, मुलाच्या शिकण्यात घरी कशी साथ द्यायची याचं साहित्य आणि मार्गदर्शन. काहींना दोन्ही. 2017 साली ते प्रसिद्ध झालं. तिन्ही ठिकाणी मुलांचं गणित सुधारलं, पण थोडंसंच. आयांचं स्वतःचं भाषा आणि गणित सुधारलं, आणि मुलांच्या शिक्षणात त्या जास्त लक्ष घालू लागल्या. यातलं ‘थोडंसंच’ हे भाषणांत गळून जातं. आईला सक्षम केलं की मुलाची गुणवत्ता आपोआप, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं तेव्हा मी मागच्या रांगेत बसून हा अभ्यास आठवते. घरची साथ शाळेच्या शिकवण्याला मदत करते. वर्गात शिकवलंच गेलं नाही तर आई कुठून भरून काढणार?

अमेरिकेचा अनुभव तर याहून कडू. तिथे ‘ईव्हन स्टार्ट’ नावाची केंद्र सरकारची योजना 1989 पासून चालली. लहान मुलांचं शिक्षण, पालकांचं प्रौढ शिक्षण, पालकत्वाचे वर्ग आणि पालक-मूल एकत्र उपक्रम, सगळं एकाच छताखाली. कागदावर याच्यापेक्षा देखणं काही असू शकत नाही. 2003 साली तिसरं राष्ट्रीय मूल्यमापन आलं, 18 ठिकाणी चिठ्ठ्या टाकावं तसं कुटुंबांची निवड करून केलेलं. योजनेतली मुलं आणि पालक योजनेबाहेरच्यांपेक्षा पुढे गेले नव्हते. 2011 मध्ये तिचा निधी थांबला. कारणांवर वाद आहेत, पण एक गोष्ट त्या मूल्यमापनातच दिसते : कुटुंबांना मिळायला हवे होते त्याच्या तुलनेत फारच कमी तास प्रत्यक्षात मिळाले. लोक येत होते, सोडून जात होते.

इस्तंबूलमध्ये 1982 मध्ये चिग्देम काआतचिबाशी आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या आयांबरोबर सुरू केलेलं काम याच्या उलट. दोन वर्षं, घरी येणारी त्याच वस्तीतली प्रशिक्षित बाई आणि आयांच्या नियमित बैठका, त्यात मुलांच्या अभ्यासाबरोबर बाईच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलणं. बावीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं तेव्हा ज्यांच्या आया त्या कामात होत्या ती जास्त शिकलेली होती, कामधंद्यालाही उशिरा लागलेली होती. दोन वर्षं सलग आणि तीच बाई. आपल्या उपक्रमाचं आयुष्य मात्र पंधरवड्याचं, आणि पुढच्या पंधरवड्यात स्वच्छतेचा पंधरवडा असतो.

2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ म्हणून शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले तेव्हा आमच्याकडे गावातल्या आया खरोखर आल्या होत्या. मेळाव्यात एकेका टेबलाशी मुलाबरोबर उभं राहून त्याला काय येतं, काय नाही हे आईनं स्वतः पाहायचं, ही कल्पना मला फार आवडली. कारण तिथे तिला शिकवायचं नव्हतं, बघायचं होतं. गल्लीतल्या चार-पाच आयांनी आठवड्यातून एकदा जमायचं, हेही साधं होतं. जिथे अंगणवाडीताई किंवा एखादी शिकलेली सून मनावर घेते तिथे ते टिकतं. जिथे गट म्हणजे केवळ फोटो, तिथे तो दुसऱ्या मेळाव्यापर्यंत विरतो.

याच राज्यात ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे, 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, 2022 ते 2027. आणि पायाभूत वाचन-गणितासाठीचा ‘निपुण’ चालू आहे, तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. गावात पाहिलं तर उल्लासच्या यादीतली बाई आणि निपुणच्या यादीतल्या मुलाची आई एकच असते. सर्वेक्षण दोनदा होतं, स्वयंसेवक वेगळे, वही वेगळी, अहवालाची लिंक वेगळी. बिहार-राजस्थानच्या अभ्यासानं दोन्ही एकत्र करून पाहिले होते, ते आपल्याकडे करायला कुणाची आडकाठी आहे? आईची साक्षरतेची प्रवेशिका आणि मुलाचं वाचनकार्ड एकाच वेळी, एकाच ओट्यावर उघडू द्या. मूल आईला अक्षर सांगतं तेव्हा त्याची स्वतःची उजळणी होते, हे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात दिसलं आहे. 2016 मध्ये तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या त्या आज्यांची छायाचित्रं देशभर छापली गेली. मला त्यातला घरचा भाग जास्त मोलाचा वाटतो, जिथे नातवंडं आजीचा गृहपाठ करून घेत बसतात.

आजी म्हटलं म्हणून आठवलं. ‘माता’ गटच का? पहाटे चारला उठून रात्री दहाला आडवी होणाऱ्या बाईवर आपण आणखी एक जबाबदारी टाकतो आणि तिला सक्षमीकरण म्हणतो. ऐकायला बाप चालतो, आजोबा चालतो, शेजारची मावशी चालते. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईनं, लक्ष्मीबाईंनी शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. गावाचा विरोध सोसून शिकवलं. घरातल्या पुरुषाचा वाटा असा सुरुवातीलाच होता. आमच्या बैठकांत पुरुष येतात ते फक्त ध्वजारोहणाला आणि गणवेशाचे पैसे न आल्यास.

मराठी वाचनाबद्दल एक गोष्ट आयांना कुणीच सांगत नाही, ती सांगा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे मुळाक्षरं, त्यांच्या बाराखड्या, वर जोडाक्षरं. मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या आकारांची संख्या शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीत अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतही वेळ लागतो. कन्नड आणि मराठी लिपींची घडण या बाबतीत सारखीच आहे. म्हणजे दुसरीतलं मूल ‘स्वच्छ’ला अडखळलं तर ते मठ्ठ नाही. पण शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलानं ‘कॅट, बॅट’ वाचलेलं आईनं ऐकलेलं असतं, आणि तिला वाटतं आपलंच पोर मागं पडलं. तिथून शाळा बदलण्याचा विचार सुरू होतो. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांचा पहिली ते तिसरी मागोवा घेणारा मोठा अभ्यास झाला, त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरांवर जातो, अर्थावर फार थोडा, आणि मुलाची घरची भाषा, घरचे अनुभव दाराबाहेर राहतात, हे त्यात तपशिलानं दाखवलं आहे. कोरकू, भिली, कातकरी बोलणाऱ्या घरांत तर आईनं ‘ऐकणं’सुद्धा दोन पायऱ्यांचं होतं : मुलानं मराठीत वाचायचं, मग घरच्या भाषेत सांगायचं. सांगू द्या. त्या दुसऱ्या पायरीवरच कळतं की त्याला समजलं की नाही.

शेवटी पुस्तकांचं, आणि ते जरा रागानंच लिहिते. ‘घरी वाचा’ म्हणायचं तर घरी पुस्तक जायला हवं. पुस्तकं शाळांत आहेत, बऱ्याच शाळांत चांगली आहेत. ती कपाटात आहेत, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली आहेत. पुस्तक फाटलं, हरवलं, वासरानं खाल्लं, तर तपासणीत उत्तर शिक्षकानं द्यायचं. म्हणून शिक्षक कुलूप लावतो, आणि मी त्याला दोष देत नाही. एक परिपत्रक काढा : गोष्टींची पातळ पुस्तकं ही खडूसारखी वापरून संपणारी वस्तू आहे, वर्षाला अमुक इतकी फाटणार-हरवणार हे गृहीत आहे, त्याबद्दल कुणाला विचारणा होणार नाही. या एका कागदानं जेवढी मुलं घरी वाचतील तेवढी दहा प्रशिक्षणांनी वाचणार नाहीत. उसाला निघालेल्या घराच्या बोचक्यात दोन पुस्तकं बांधून द्यायला मला आनंदच होईल. परत आली नाहीत तर ती कुठल्या तरी कोपीत कुणीतरी वाचत असेल.

हे सगळं लगेच होणार नाही, कळतं. पुस्तकांचं परिपत्रक आणि त्या एका वाक्यातला बदल मात्र दिवाळीच्या आत करा. त्यानंतर आमच्याकडे टोळ्या हलतात आणि पुढची बैठक भरवायची तर ती कारखान्याच्या तळावर भरवावी लागते. तशी भरवणार असाल तर वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा आणि मलाही कळवा, मी येईन.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षिका